एकच बाटली, वेगवेगळी तापमानं : घरी साके कशी चाखावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : भाच्याने तोक्योहून जुन्माई गिंजो साकेची, म्हणजे तांदूळ आंबवून केलेल्या जपानी दारूची, ७२० मिलिलिटरची बाटली आणली आहे. लेबलवर ५५ टक्के असा काहीतरी आकडा आहे. याआधी तुम्ही साके एकदाच प्यायलात, पुण्यातल्या एका हॉटेलात, वाफाळती गरम. नाकात झिणझिण्या आल्या आणि चव काही कळली नाही. आता ही बाटली गार प्यायची की गरम, कशात ओतायची, सोबत काय खायचं आणि उघडल्यावर ती किती दिवस टिकते, हे तुम्हाला हवं आहे.

मी तोक्योत साकेच्या दुकानात बरीच वर्षं काम करते. गिऱ्हाइकाला बाटली देण्याआधी ती चाखवणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे आधी मुद्द्याचं सांगते. गार की गरम, यातलं एक निवडायची गरज नाही. हीच बाटली ५ अंशांपासून ४५ अंशांपर्यंत पायरी पायरीने चाखा. साकेचं अर्धं सुख त्यातच आहे, आणि त्यासाठी घरासारखी जागा नाही. हॉटेलात पेला एकाच तापमानाला समोर येतो. घरी फ्रिज तुमचा, गॅस तुमचा आणि घाई कुणाचीच नाही.

हॉटेलातला अनुभव मनातून काढून टाका. साके ६०-७० अंशांवर गेली की आधी अल्कोहोलची वाफ नाकात शिरते आणि बाकी सगळं तिच्याखाली दबतं. जपानमध्ये सर्वांत कडक गरम साकेला तोबिकिरीकान म्हणतात आणि ती पायरी ५५ अंशांच्या आसपास सुरू होते. त्यापुढे सहसा कुणी जात नाही. त्याखालच्या पायऱ्या फार सुंदर आहेत : ५ अंशांना युकिबिए, म्हणजे हिमाचा गारवा, १० ला हानाबिए, फुलांचा, १५ ला सुझुबिए, हवाहवासा मंद गारवा. मग वर चढताना ३० ला हिनाताकान, उन्हात ठेवलेल्या वस्तूची ऊब; ३५ ला हितोहादाकान, माणसाच्या अंगाची ऊब; ४० ला नुरुकान, ४५ ला जोकान आणि ५० ला आत्सुकान. पाच-पाच अंशांवर नावं बदलतात, कारण चव खरोखरच बदलते.

ती का बदलते हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. गोडवा जिभेला अंगाच्या तापमानाच्या आसपास जास्त जाणवतो. गार केला की तो आक्रसतो आणि कडवटपणा, तुरटपणा थोडा पुढे येतो. आम्लांचंही तसंच. सफरचंदातलं मॅलिक आम्ल गार असताना तरतरीत लागतं; साकेतली लॅक्टिक आणि सक्सिनिक आम्लं मात्र कोमट झाल्यावर गोलाई धरतात, मटणाच्या रश्श्यासारखा भरीवपणा आणतात. फळांसारखे सुगंध उडून जाणारे असतात. ते १० ते १५ अंशांवर छान फुलतात आणि तापवल्यावर काही वेळा भडक वाटतात. म्हणून सुगंधी गिंजो गार आणि भाताच्या, धान्याच्या चवीची जुन्माई कोमट, असा ढोबळ नियम आहे. तुमची बाटली जुन्माईही आहे आणि गिंजोही (या शब्दांचे अर्थ पुढे सांगते). शिकायला याहून चांगली बाटली मिळाली नसती.

पहिल्या संध्याकाळी असं करा. बाटली आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये उभी ठेवा. काचेचे दोन पेले घ्या, पातळ काठाचे. वाइनचा छोटा ग्लास असेल तर उत्तम. दोन्हींत साधारण पन्नास-पन्नास मिलि ओता. एक लगेच चाखायचा, दुसरा टेबलावर तसाच राहू द्यायचा. जपानी लेबलवर ‘जोऑन’ म्हणजे खोलीचं तापमान लिहिलेलं असेल, तर ते २० अंश धरलेलं असतं. मुंबईतल्या खोलीत मे महिन्यात पेला पाहता पाहता ३० वर जातो. तेव्हा घड्याळाकडे बघू नका, अधूनमधून एकेक घोट घेत राहा.

घोट कसा घ्यायचा, हे मी दुकानात करून दाखवते तसं सांगते. आमच्याकडे चाखण्यासाठी पांढऱ्या चिनीमातीचा पेला असतो, तळाशी निळ्या रंगाची दोन वर्तुळं, एकात एक. पांढऱ्या भागावर साकेचा रंग कळतो आणि निळ्या-पांढऱ्याच्या कडेवर तिचा नितळपणा. वर्तुळाची कड धारदार दिसली तर साके नितळ. पुसट दिसली तर त्यात काहीतरी तरंगतंय. घरी पांढऱ्या कागदावर ग्लास धरलात तरी काम भागतं. किंचित पिवळी-हिरवट झाक असेल तर घाबरू नका, ती नैसर्गिक आहे. पाण्यासारखी रंगहीन साके बऱ्याचदा कोळशाच्या भुकटीतून गाळलेली असते. त्यावरून दर्जा ठरत नाही.

आधी ग्लास न हलवता वास घ्या. सफरचंद, नासपती, पिकलं केळं, कधी बडीशेप. यात फळ कुठेच घातलेलं नाही. हे सगळं यीस्टने केलेलं असतं : सफरचंदाचा वास एथिल कॅप्रोएटचा, केळ्याचा आयसोअमिल ॲसिटेटचा. मग चमचाभर साके तोंडात घ्या आणि जिभेवर सगळीकडे फिरवा. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा आणि ती नाकावाटे सोडा. बाहेरून आलेल्या वासापेक्षा हा आतला वास जास्त खरा बोलतो, उकडलेल्या तांदळाचा, दुधाचा, कधी ओल्या गवताचा. शेवटी गिळा आणि चव किती वेळ रेंगाळते ते बघा. जपानी चाखणारे या शेवटाला फार महत्त्व देतात. चव स्वच्छ तुटली तर ती ‘किरे’ चांगली असल्याची खूण; पुढच्या घासाला तोंड मोकळं होतं. वाइनच्या सवयीने आंबटपणा शोधू नका, साकेत तो बराच कमी असतो. त्याची जागा अमिनो आम्लांच्या उमामीने, म्हणजे रश्श्यासारख्या भरीव चवीने, घेतलेली असते, आणि ती जिभेच्या टोकाला कमी, मागच्या बाजूला जास्त जाणवते.

लेबलवरचा आकडा. ५५ टक्के म्हणजे तांदळाचा दाणा घासून घासून इतका उरला, ४५ टक्के कोंडा झाला. आपण जेवायला घेतो त्या पांढऱ्या तांदळाचा साधारण ९० टक्के भाग उरलेला असतो. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त. ते काढले की आंबवल्यावर चव नितळ येते आणि फळांचे सुगंध खुलतात. ६० टक्के किंवा त्याहून कमी उरला तर गिंजो, ५० किंवा कमी तर दाइगिंजो. ‘जुन्माई’ म्हणजे फक्त तांदूळ, कोजी (बुरशी वाढवलेला तांदूळ) आणि पाणी, वरून अल्कोहोल घातलेलं नाही. यामागुची प्रांतातल्या दास्साई नावाच्या साकेची २३ टक्क्यांची बाटली जगभर गाजली, आणि तेव्हापासून लोक दुकानात येऊन सर्वांत कमी आकडा मागतात. माझं मत स्पष्ट आहे : हा आकडा दाणा किती घासला याची नोंद आहे, परीक्षेतले गुण नव्हेत. ७० किंवा ८० टक्क्यांवर ठेवलेली एखादी जुन्माई जेवणासोबत कोमट प्यायली, की महागडी दाइगिंजो तिच्यापुढे पोकळ वाटते.

तसंच वरून घातलेल्या अल्कोहोलचं. होन्जोझो साकेत थोडं शुद्ध अल्कोहोल घालतात, त्याला कायद्याची मर्यादा आहे : वापरलेल्या पांढऱ्या तांदळाच्या वजनाच्या १० टक्के. ही भेसळ नाही. अल्कोहोलमध्ये सुगंध विरघळून साकेत उतरतात आणि शेवट हलका होतो. १९११ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय नव्या साकेच्या स्पर्धेत अशाच दाइगिंजोंनी वर्षानुवर्षं सुवर्णपदकं घेतली आहेत.

लेबलवर आणखी दोन गोष्टी शोधा. एक, बाटली भरल्याचा महिना. काही ठिकाणी तो जपानी राजवर्षात असतो. ७.४ असं लिहिलं असेल तर रेइवा ७ चा एप्रिल. ७ मध्ये २०१८ मिळवा, म्हणजे एप्रिल २०२५. साध्या, निर्जंतुक केलेल्या साकेसाठी त्यापासून वर्षभराच्या आत प्यायलेली बरी. दुसरी गोष्ट, ‘नामा’ हा शब्द. भाच्याला फोन करून विचारा किंवा कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा. साके सहसा ६५ अंशांच्या आसपास दोनदा तापवून निर्जंतुक करतात, आणि जपानात ही पद्धत लुई पाश्चरच्या काही शतकं आधीपासून आहे. नामाझाके मात्र अजिबात तापवलेली नसते. ती असेल तर ५ अंशांच्या आत ठेवा आणि लवकर संपवा. विमानातून सामानात आलेल्या नामाझाकेची मला नेहमी धास्ती वाटते.

तांदळात साखर नसते, मग दारू होते कशी, असं माझे मराठी पाहुणे हमखास विचारतात. हे काम कोजीचं. वाफवलेल्या तांदळावर एका बुरशीचे बीजाणू भुरभुरतात आणि उबदार, लाकडी भिंतींच्या खोलीत तो तांदूळ साधारण दोन दिवस उलटापालटा करत राखतात. बुरशी दाण्यात शिरते आणि तिची विकरं स्टार्चची साखर करू लागतात. बिअरमध्ये आधी धान्याची साखर होते, मग यीस्ट येतं. साकेच्या पिंपात दोन्ही कामं एकाच वेळी चालतात, एकीकडे पोळी तव्यावरून उतरते आणि लगेच पानात पडते. साखरेचा ढीग साचत नाही, यीस्ट गुदमरत नाही, आणि ऊर्ध्वपातन न करता अल्कोहोल २० टक्क्यांपर्यंत चढतं. पुढे पाणी घालून ते १५-१६ वर आणतात. जास्त घासलेला तांदूळ पाणी इतक्या झटपट ओढतो की भिजवताना हातात स्टॉपवॉच धरून सेकंद मोजतात. कोजीने दारू गाळण्याच्या या जपानी परंपरेला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं, त्याचा आम्हा सगळ्यांना मनापासून आनंद झाला.

आता गरम करणं. याची लोकांना उगाच भीती वाटते.

मायक्रोवेव्ह नको. वरचा भाग उकळतो आणि तळ गार राहतो. एक पातेलं घ्या, पाणी उकळा आणि गॅस बंद करा. हे महत्त्वाचं, खाली आच नको. पाण्यात साकेचं भांडं खांद्यापर्यंत बुडेल असं ठेवा. जपानी घरात चिनीमातीची तोक्कुरी किंवा धातूची चिरोरी असते. तुमच्याकडे स्टीलचं फुलपात्र असेलच, तेच चिरोरी समजा. धातूत साके झटकन तापते, दीड-दोन मिनिटांत ४० अंश गाठते. चिनीमातीला तीन मिनिटं तरी लागतात. तांब्याचं भांडं वापरायचं असेल तर आतून कल्हई हवीच. भांड्याच्या तोंडावर पातळ प्लास्टिक किंवा छोटी वाटी झाकली तर सुगंध उडत नाही. तोक्कुरी काठोकाठ भरू नका, तापल्यावर साके गळ्यात वर चढते. ती चढलेली दिसली की उचलायची वेळ आली. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर वापरा. नसेल तर मधलं बोट भांड्याच्या बुडाला लावा : नुसतं उबदार लागलं तर ४० च्या आसपास, बोट चटकन मागे घ्यावंसं वाटलं तर ५० कडे गेली. पारंपरिक खानावळीत साके तापवणारा माणूस वेगळा असतो आणि तो असाच बुडाला हात लावून ओळखतो.

तुमची जुन्माई गिंजो ४५ च्या वर नेऊ नका. ३५ ला थांबा आणि चाखा. गार असताना सफरचंद पुढे होतं. आता ते मागे सरलेलं असेल आणि भाताचा गोडवा समोर आलेला असेल. मग ४० ला पुन्हा. मला स्वतःला अशा साकेचा ४५ पर्यंत नेऊन परत ३५ ला उतरलेला घोट फार आवडतो. याला कान्झामाशी म्हणतात, तापवून निवू दिलेली. चढताना जे टोकदार वाटतं ते उतरताना निवळतं. साके जास्त तापली तर गार साकेचा चमचाभर घालून लगेच खाली आणा. ती वाया गेली असं समजू नका.

प्रमाण सांभाळा. जपानी माप ‘गो’ म्हणजे १८० मिलि. १५ टक्क्यांच्या एका गोमध्ये सुमारे २२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, आणि कोमट साके गोड लागून भराभर संपते. बाटलीत चार गो आहेत, ती दोन-तीन जणांत दोन-तीन संध्याकाळी पुरवा. साकेच्या प्रत्येक पेल्यामागे तेवढंच साधं पाणी प्या. जपानी लोक त्याला यावारागी-मिझु म्हणतात आणि चांगल्या ठिकाणी ते न मागता येतं. लहान ओचोको पेल्यांचंही एक कारण आहे : पेला लहान, म्हणून समोरच्याला वारंवार ओतून द्यावं लागतं. आपला पेला आपण भरायचा नाही, तो दुसऱ्याने भरायचा. घरात ही रीत पाळून बघा, पिण्याचा वेग आपोआप बसतो.

सोबत काय खायचं, यात मराठी घराला काही कमी नाही. जपानात साकेबरोबर वाळवलेल्या आणि भाजलेल्या मासळीची मोठी परंपरा आहे. हिमोनो म्हणजे सुका मासा, सुरुमे म्हणजे सुकवलेला माकूळ. आपल्याकडचे सुके बोंबील निखाऱ्यावर किंवा तव्यावर खरपूस भाजा, वर लिंबाचे दोन थेंब, आणि कोमट जुन्माईचा घोट घ्या. माशाचा उग्रपणा साके अंगावर घेते आणि उमामी दुप्पट होते. मीठ-हळद लावून तव्यावर परतलेला बांगडा किंवा सुरमईही चालते. नारळाचं दूध घातलेलं वालाचं बिरडं आणि ४० अंशांची साके ही जोडी मी तोक्योत जपानी मित्रांना खिलवली आहे, आणि त्यांनी भाताआधी दुसरी वाटी मागितली.

तिखट मात्र आवरा. लाल मिरचीची आग अल्कोहोलने भडकते आणि साकेची नाजूक चव तिथेच संपते. मालवणी मसाल्याचं झणझणीत कालवण आणि गिंजो यांची गाठ घालू नका. चिंच आणि कोकम बेताने वापरा. जास्त आंबट पदार्थापुढे साके पाणचट लागते. काहीच नसेल तर बोटाच्या टोकावर चिमूटभर मीठ. लाकडी मासु पेल्याच्या कोपऱ्यावर मीठ ठेवून पिण्याची जपानात जुनी रीत आहे.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये उभीच ठेवा, आडवी नको. द्रव हवेला जितका कमी भिडेल तितका बरा. गिंजोचा सुगंध आठवडाभरात उतरू लागतो. तोवर बाटली अर्ध्यावर आली असेल तर उरलेली तापवून पिण्यासाठी ठेवा, दोन-तीन आठवडे सहज जातील. ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीत बाटली ठेवू नका. उजेडाने साकेला जळक्या केसांसारखा वास येतो, आणि तो काही केल्या जात नाही. उष्णतेत राहिलेल्या साकेला लोणच्याच्या बरणीसारखा, शिळ्या कोबीसारखा वास येतो. त्याला हिनेका म्हणतात. मुद्दाम वर्षानुवर्षं मुरवलेली साके वेगळी, तिचा रंग मधासारखा होतो आणि वास सुका मेवा, कॅरमेलचा येतो. ती मुरलेली आणि ही बिघडलेली, हा फरक एकदा दोन्ही शेजारी ठेवून चाखलं की कायमचा कळतो.

भाचा पुन्हा येणार असेल तर पुढची बाटली मुद्दाम वेगळी मागा. कोबेजवळचं नादा आणि क्योतोचं फुशिमी ही दोन जुनी नावं. नादाचं मिया-मिझु हे खनिजांनी भरलेलं कठीण पाणी, त्यात यीस्ट जोमाने काम करतं आणि साके करकरीत, कोरडी होते. फुशिमीचं पाणी मऊ, साकेही मऊ. कोमट प्यायला मी किमोतो किंवा यामाहाई पद्धतीची घ्यायला सांगेन. त्यांत लॅक्टिक आम्ल वरून न घालता जिवाणूंकडून नैसर्गिकपणे तयार करून घेतात, म्हणून चवीला दह्यासारखी खोली येते. फुकुशिमाची दाइशिची किमोतो किंवा इशिकावाची तेंगुमाई यामाहाई, दोन्ही ४५ अंशांवर उभ्या राहतात. उलट टोकाला काय असतं ते बघायचं असेल तर निईगाताची हाक्काईसान, गार, हलकी, कोरडी.

आणि बाटलीच्या तळाशी कपभर साके उरली असेल, चव उतरलेली, तर ती ओतून देऊ नका. मासळीबाजारातून तिसऱ्या आणा, मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून वाळू काढून घ्या. पसरट भांड्यात थोडं लोणी, ठेचलेला लसूण, त्यावर तिसऱ्या आणि उरलेली साके; झाकण लावून मोठी आच. शिंपले उघडले की लगेच उतरवा, जास्त ठेवल्या तर चिवट होतात. जपानात हे आसारी शिंपल्यांचं साकामुशी म्हणून घराघरात होतं. वरून हिरवी पात भुरभुरा, मीठ घालू नका, तिसऱ्यांच्या पाण्यात ते पुरेसं असतं. तळाशी राहिलेला रस भातावर घ्या.